मिनिटबाई

बेसिनपाशी हात धुणाऱ्या बाई पाठमोऱ्या होत्या, तरी तिनं त्यांना ओळखलं. ओळखलं ते हातांवरून. आधी तळव्याला तळवा, मग एक पंजा दुसऱ्याच्या पाठीवर, मग बोटांच्या बेचक्या, मग अंगठा मुठीत धरून पिळल्यासारखा, मग नखं तळव्यावर घासून, आणि शेवटी हात वर धरून पाणी कोपराकडे उतरू द्यायचं. कचेरीच्या मोरीत कुणी असे हात धुत नाही. माणसं पाणी लावल्यासारखं करतात आणि कपड्यांना पुसून बाहेर पडतात. ती दारातच थबकली, हातात रिकामी बाटली तशीच. बाईंनी कोपरानं नळ बंद करून पाहिला. नळ फिरकीचा होता, दाद देईना. "कसले नळ बसवतात!" असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. एकोणचाळीस वर्षांनी ऐकला तरी आवाज तोच, जरा पिकलेला. बाईंनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. "या, झालं माझं," म्हणाल्या, परक्या माणसाला म्हणतात तसं, आणि तिच्या अंगावरून बाहेर गेल्या. ती बाटली नळाखाली धरून उभी राहिली. बाटली भरून वाहायला लागली तरी तिच्या ध्यानात आलं नाही. मिनिटबाई. इथं. आणि या मजल्यावर माणसं दोनच कारणांनी येतात, एकतर सांगायला, नाहीतर ऐकून घ्यायला.

हा मजला म्हणजे परिषदेची कचेरी. डॉक्टर असो, सिस्टर असो, कुणाच्या कामाबद्दल गंभीर तक्रार आली की तिची सुनावणी इथं व्हायची. ती स्वतः चौतीस वर्षं वॉर्डात काढून निवृत्त झालेली सिस्टर. घरात बसून भिंती खायला उठल्या तेव्हा सुनेनंच वर्तमानपत्रातली चार ओळींची जाहिरात पुढ्यात ठेवली होती, साक्षीदारांना सोबत करायला माणसं हवीत म्हणून. काम सांगायला सोपं. साक्ष द्यायला आलेल्या माणसाला दारातून घ्यायचं, आत कोण कुठं बसतं ते समजवायचं, पाणी द्यायचं, रडू आलं तर रडू द्यायचं, आणि बोलावणं आलं की त्याच्याबरोबर जाऊन मागच्या खुर्चीवर बसायचं. फक्त प्रकरणाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. खरं वाटतं का खोटं, सांगू का नको सांगू, कशालाच हो नाही की नाही नाही. आत बसल्यावर मानसुद्धा हलवायची नाही. म्हणून तर सोबतवाल्यांना साक्षीदाराचं नाव, वेळ आणि खोलीचा आकडा यापलीकडे काही कळवत नसत. नवऱ्याची थट्टा ठरलेली: "जन्मभर बोलून माझं डोकं खाल्लंस, आणि म्हातारपणी गप्प बसायची नोकरी धरलीस!" पण तिला ते जमत होतं. माणसाजवळ गप्प बसायचं कसं हे तिला एका बाईनंच शिकवलं होतं, आणि ती बाई आत्ताच हात धुऊन बाहेर गेली होती.

आजचा साक्षीदार शिंपी होता. पंचेचाळिशीचा, काटकुळा, शर्टाच्या कॉलरखाली एक टाचणी खोचलेली तशीच विसरून आलेला. सकाळपासून त्यानं तिला तीनच गोष्टी सांगितल्या होत्या. आई जाऊन पंधरा महिने झाले, ही तारीख दोनदा पुढं गेली, आणि साक्षीदारांच्या या थांबायच्या खोलीचा पडदा उलट्या बाजूनं शिवलाय. तिसरी गोष्ट सांगताना त्याचा चेहरा सगळ्यात जास्त दुखावलेला होता. ती बाटली घेऊन आली तेव्हा तो पडद्याची शिवणच चाचपत होता. तिच्याकडे वळून म्हणाला, "ताई, घाबरायचं मी, आणि तोंड तुमचं उतरलंय?" तिनं हसायचा प्रयत्न केला. येताना तिनं बाईंना पहिल्या खोलीच्या दारात वकिलाशी बोलताना पाहिलं होतं, आणि शिंप्याच्या कागदावर त्याच खोलीचा आकडा होता. "आलेच," म्हणाली, आणि सरळ सचिवांच्या खोलीत गेली.

सचिव फायलींच्या मागून डोळेच तेवढे वर करून पाहायचे. "ज्यांची सुनावणी आहे ना आज पहिल्या खोलीत, त्या बाई..." ती म्हणाली, "मी त्यांच्या हाताखाली शिकलेय. तीन वर्षं. मला आत्ता कळलं."

"नात्यात आहेत?"

"नात्यात नाहीत." हे उत्तर बरोबर होतं, तरी ते देताना आपण कुणालातरी नाकारतोय असं तिला वाटलं.

सचिवांनी पेन खाली ठेवलं. दुसरी सोबतीण शेजारच्या सुनावणीत अडकली होती, तिसरी तापानं घरी. तारीख पुढं ढकलली तर चार महिने गेले. "बरं केलंत सांगितलंत," ते म्हणाले. "त्या बाजूला विचारतो, अध्यक्षांच्या कानावर घालतो. तुमच्या साक्षीदारालाही सांगावं लागेल. कुणाची हरकत नसली तर बसा." तिला मनातून वाटत होतं, कुणीतरी हरकत घ्यावी. कुणीतरी म्हणावं, बाई, तुम्ही आज घरी जा. पण सचिव दहा मिनिटांत परतले. "वकील म्हणाले, बाईंनी तुमचं नाव दोनदा विचारून घेतलं, आणि मग म्हणाल्या, 'बसू दे तिला.'" ते हसले. "तिला, म्हणे."

शिंप्याला सांगितलं तेव्हा तो खुर्ची ओढून तिच्या समोर बसला. "माझी कसली हरकत! उलट बरंच झालं की. तुम्ही ओळखता त्यांना. मग तुम्हीच सांगा ताई, बाई कशा आहेत?"

"ते मला बोलता येणार नाही."

"एका शब्दात. चांगल्या की वाईट?"

"नाही बोलता येणार हो," ती म्हणाली, आणि ओठ मिटले. मिटलेल्या ओठांच्या आत एकोणचाळीस वर्षं दाटीवाटीनं उभी राहिली.

चौदा मुली होत्या त्या तुकडीत. पत्र्याच्या ट्रंका घेऊन आलेल्या, कडक खळीच्या टोप्यांखाली घामेजलेल्या, रक्त बघून घेरी येणाऱ्या. वसतिगृहाच्या लांबलचक खोलीत सात खाटा या भिंतीला, सात त्या. पहिल्याच सकाळी बाई आल्या, छातीवर उलटं घड्याळ टाचलेलं, आणि काही न सांगता-सवरता त्यांनी प्रत्येकीला शेजारणीची नाडी मोजायला लावली. सगळ्यांनी अर्धं मिनिट मोजून दुप्पट केली, पुस्तकात तशी मुभा होती. बाईंनी सगळे आकडे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "उरलेलं अर्धं मिनिट पेशंट जिवंत होता की नाही?" त्या दिवसापासून त्यांचं नाव मिनिटबाई पडलं. पूर्ण मिनिट. कितीही घाई असो, कितीही पेशंट असोत, पूर्ण मिनिट. मुली पाठीमागे नक्कल करायच्या, डावा हात कमरेवर, मान तिरकी: "मिनिट झालं? मग सेकंदकाटा अर्ध्यातच का?" ती डावखुरी, म्हणून तिची तीन बोटं मनगटावर नीट बसत नसत. बाईंनी तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवून ती दाबली, जरा सैल सोडली, पुन्हा दाबली. "जोरात दाबलंस तर तुला तुझीच नाडी लागेल. माणसाला चेपायचं नाही, त्याला येऊ द्यायचं." त्या बोटांचा दाब तिला आत्ताही आठवत होता. कोरडी, उबदार, साबणानं भेगाळलेली बोटं. केवढ्या मोठ्या वाटायच्या बाई तेव्हा! आज तिनं मनातल्या मनात वजाबाकी केली आणि चमकली. बाई तेव्हा जेमतेम तिशीच्या असतील. आताच्या तिच्या सुनेपेक्षाही लहान.

आणि त्या दुपारच्या घड्या. जेवणानंतर वॉर्ड पेंगायला लागला की लांब टेबलाशी बसून पट्ट्यांच्या कापडाच्या घड्या घालायच्या, शंभरावर शंभर, सुटा धागा आत दडवून. उकळत्या अवजारांचा वास, स्पिरिटचा वास, खिडकीतून येणारं तिरपं ऊन. चौदा जणी हळू आवाजात एकीच्या मागून एक गाणं म्हणायच्या आणि बाई नोंदवहीत डोकं घालून ऐकत नसल्यासारखं करायच्या. एकदा कुणीतरी कडवं चुकली, तर मान वर न करता बाईंनी पुढची ओळ म्हणून दाखवली. सगळ्या जणी अवाक्, आणि मग असा हशा पिकला की खाटेवरचा टाके घातलेला म्हातारा ओरडला, "अगं हसवू नका गं, टाके उसवतील!" बाईसुद्धा हसल्या. तोंडावर हात धरून, खांदे हलवत. तिनं त्यांना तसं हसताना पुन्हा कधी पाहिलं नाही. दुसऱ्या वर्षी तिचे वडील गेले. निरोप आला तेव्हा ती ड्यूटीवर होती. बाईंनी तिची टोपी स्वतः काढली, पिना एकेक करून, घाई न करता, आणि बाकावर तिच्या शेजारी येऊन बसल्या. धीर धर म्हणाल्या नाहीत, रडू नको म्हणाल्या नाहीत. तिला न्यायला भाऊ येईस्तोवर बसून राहिल्या, आणि पुढचे सहा दिवस तिच्या वाट्याचे पेशंट त्यांनीच पाहिले हे तिला परत आल्यावर इतरांकडून कळलं. चांगल्या की वाईट, एका शब्दात सांगा, म्हणे.

"माझी पंचाईत कळते का तुम्हाला?" शिंपी म्हणत होता. ती भानावर आली.

"प्रकरणाचं आत सांगा, हं. मला नको."

"आत सांगायचं ते आत सांगेनच. हे तिथं कुणी विचारणार नाही." त्यानं हातातल्या पावतीची बारीक बारीक घडी घातली. "माझी आई नऊ दिवस होती त्या खाजगी दवाखान्यात. मोठ्या सिस्टरनी तिचे केस विंचरले ताई, रोज. आईचे केस पार गुंतलेले, आम्ही म्हटलं कापून टाका. नाही म्हणाल्या. तासभर बसून गुंता सोडवला. आई म्हणायची, माझ्या लेकीनं सुद्धा कधी एवढ्या मायेनं हात फिरवला नाही. आता अशा बाईसमोर उभं राहायचं आणि बोट दाखवायचं! माझी बहीण म्हणते, लढ, सोडू नकोस. तिचं काय जातंय, ती येऊन बसणार नाही इथं." तो थांबला. मग खालच्या आवाजात, जवळजवळ लाजून म्हणाला, "मी परत गेलो तर चालतं का हो?"

हा प्रश्न तिला नवा नव्हता. दहातले सहा जण तो विचारायचेच, आणि त्याचं उत्तर तिनं इतक्यांदा दिलं होतं की ते आपोआप जिभेवर यायचं. गेलात तर चालतं, कुणी अडवणार नाही. थांबलात तर मी बरोबर आहे. सोबतवाल्यांना शिकवलेलं उत्तर होतं ते, दोन पारड्यांचं. "गेलात तर चालतं," ती म्हणाली, "कुणी अडवणार नाही." आणि तिथं तिचा आवाज थांबला. पुढचं वाक्य बाहेर येईना. शिंप्यानं मान डोलावली. त्यानं पिशवी मांडीवर घेतली. खोलीत घड्याळ नव्हतं, बाहेर जिन्यावर कुणीतरी खोकत वर येत होतं. तिला कळत होतं की एवढंच करायचंय. काही म्हणजे काही करायचं नाही. नियम मोडत नव्हता, खोटं बोलावं लागत नव्हतं, फक्त अर्धं वाक्य गिळायचं. हा भला माणूस उठेल, जिना उतरेल, त्याच्या यंत्रावर जाऊन बसेल, आणि बाई आपल्या घरी जातील. सत्तरीला टेकलेल्या बाईंकडून आता कुणाला काय मिळवायचं राहिलं होतं?

पण बाई तिला सुखानं गप्प बसू देईनात. तिसऱ्या वर्षातली दुपार होती ती. कोपऱ्यातली म्हातारी नुकती झोपली होती, दोन दिवसांनी पहिल्यांदा. तिला उठवायचं जिवावर आलं म्हणून तिनं तिच्या तक्त्यावर नाडी ऐंशी लिहून टाकली. सकाळी ब्याऐंशी होती, काल एकोणऐंशी. ऐंशी म्हणजे काय खोटं होतं? बाई फेरी मारत आल्या, तक्ता पाहिला, तिच्याकडे पाहिलं. त्यांना कसं कळलं देव जाणे. आवाजही चढवला नाही. तिला हाताला धरून खाटेपाशी नेलं आणि म्हातारीच्या मनगटावर तिची बोटं ठेवली. चौऱ्याण्णव. म्हातारीला आतून ताप चढत होता. बाईंनी तिच्या हातात पेन दिलं, ऐंशीवर एक सरळ रेघ मारायला लावली, खाली चौऱ्याण्णव, शेजारी तिची सही. "माणूस खोटं बोललं तर दुसरं माणूस त्याला पकडतं," बाई म्हणाल्या. "कागद खोटं बोलला की सगळे त्याच्यावर विश्वास ठेवून झोपी जातात." मेट्रनपर्यंत गोष्ट गेली नाही. पण ती रेघ आणि ती सही तक्त्यावर राहिली, सगळ्यांना दिसेल अशी, म्हातारी घरी जाईपर्यंत.

शिंपी उठला होता.

"आणि थांबलात," ती म्हणाली. "थांबलात तर मी बरोबर आहे."

तो उभ्याउभ्याच तिच्याकडे पाहत राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं ते त्याला दिसलं असणार, पण तो माणूस समजूतदार होता. त्यानं पिशवी परत खुर्चीवर ठेवली आणि कॉलरखालची टाचणी काढून पडद्याच्या उसवल्या कडेला टोचली. "निदान एवढं तरी," म्हणाला. तेवढ्यात बोलावणं आलं.

आतली खोली तशी लहानच. लांब टेबलामागे मंडळाचे तिघे, मधे अध्यक्ष, चष्मा कपाळावर चढवलेल्या एक डॉक्टरीणबाई. एका बाजूला परिषदेचे वकील, दुसऱ्या बाजूला बाईंचे वकील, आणि त्यांच्या शेजारी बाई. पाठ ताठ, हात मांडीवर, एकावर एक. ती शिंप्याच्या मागच्या खुर्चीवर बसली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, आणि नजर शिंप्याकडे वळवली. तिला वाटलं होतं त्या नजरेत राग असेल, निदान विनवणी तरी. तसलं काही नव्हतं. वॉर्डात नवा पेशंट आला की त्याला खाटेवर घेताना बाई जशा पाहायच्या, डोक्यापासून पायापर्यंत एकदा, तशा त्या शिंप्याला पाहत होत्या.

तो सुरुवातीला अडखळला. मग सांगत गेला. आईच्या पोटाचं ऑपरेशन, सातव्या दिवशी दुसरं, पुन्हा टाके. नवव्या दिवशी तो सकाळपासून खुर्चीवर होता. आई गप्प गप्प होती, अंगाला घाम, पाणी मागत होती. संध्याकाळी सहाला तिचे डोळे फिरले. आत रक्तस्राव होत होता, आणि तो म्हणे सकाळपासून होत असणार. डॉक्टर म्हणाले, नाडी धावत असणार, तक्त्यात कशी दिसली नाही? "तक्ता मला नंतर दाखवला," शिंपी म्हणाला. "दहा वाजता अठ्ठ्याहत्तर. बारा वाजता अठ्ठ्याहत्तर. दोन वाजता अठ्ठ्याहत्तर. चार वाजता अठ्ठ्याहत्तर. साहेब, मी मापाचा माणूस आहे. एकाच माणसाचं माप दिवसातून दोनदा घेतलं तर अर्ध्या इंचाचा फरक पडतो. जेवला की पडतो, श्वास घेतला की पडतो. जिवंत माणसाचं माप चारदा सारखं येत नाही."

बाईंचे वकील उठले. सौम्य बोलणारे गृहस्थ होते. तुम्ही थकला होतात ना? हो. मधे डोळा लागला असेल? तीनच्या सुमाराला लागला असेल, शिंपी म्हणाला, खोटं कशाला सांगू. मग सिस्टर येऊन गेल्या आणि तुम्हाला दिसलं नाही, असं होऊ शकतं? "त्या आल्याच होत्या," शिंपी म्हणाला. "चारही वेळा आल्या. मी जागा होतो. आईचा हात हातात घेतला, तिच्याशी बोलल्या, तिच्या तोंडाकडे बघत बसल्या. मिनिटभर सहज." वकिलांनी हात पसरले. मग तक्रार काय आहे? शिंप्यानं एकदा बाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "घड्याळाकडे पाहिलं नाही त्यांनी. एकदाही नाही."

मागच्या खुर्चीवर तिला बाईंच्या छातीवरचं ते उलटं घड्याळ आठवलं. मान हलवायची नाही. तिनं मान हलवली नाही.

"ते सांगणं कठीण आहे, नाही का," वकील म्हणत होते, "कुणी किती वेळा घड्याळाकडे..."

"वकीलसाहेब, पुरे," बाई म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या होत्या. वकिलांनी त्यांच्या कोपराला हात लावला, त्यांनी तो बाजूला केला, उद्धटपणे नाही, खाटेवरची चादर सरळ करावी तसा. "हे बरोबर सांगतायत. मी मोजली नव्हती. मला लागतच नव्हती." त्यांनी उजवा हात वर केला आणि सगळ्यांना दाखवला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. "साखरेच्या आजारानं सव्वातीन वर्षं झाली, या बोटांना काही कळत नाही. गरम कळत नाही, सुई कळत नाही. नाडी कुठून कळणार? मी चेहऱ्यावरून लिहायचे. आयुष्यभर चेहरे पाहिले. अंदाज बरोबर यायचा. दोन वर्षं बरोबर आला. त्या दिवशी नाही आला."

अध्यक्षबाईंनी कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

बाईंनी वर धरलेला हात खाली घेतला. "सांगितलं असतं," बाई म्हणाल्या, "तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी कुठं गेले असते?" आणि मग शिंप्याकडे वळून, साध्या आवाजात: "तुमच्या आईंच्या अंगाला घाम होता, तो मला दिसला होता. मला वाटलं उकाड्यानं आहे. मला तसं वाटायला हवं होतं, म्हणून वाटलं. चूक माझी आहे. तुम्ही उगाच मान खाली घालू नका."

पुढं फार काही झालं नाही. मंडळ आत गेलं, पाऊण तासानं बाहेर आलं. बाईंचं नाव नोंदणीतून काढून टाकलं जाईल, असं अध्यक्षबाईंनी वाचून दाखवलं. वाचताना त्यांचा आवाज एके ठिकाणी अडकला, तिथं एकूण सेवेची वर्षं लिहिलेली होती. शिंप्यानं कागदावर सही केली, तिला म्हणाला, "येतो ताई," आणि घाईघाईनं जिना उतरला. तिनं त्याला फाटकापर्यंत पोचवायला हवं होतं, कामच होतं ते. पण तिचे पाय दुसरीकडे ओढत होते. सुनावणी संपली होती, आता नियम आड येत नव्हता.

बाई खाली पोर्चमधल्या बाकावर बसल्या होत्या. दुपारचं ऊन पायऱ्यांवर आलं होतं. "ये," त्या म्हणाल्या. "डावखुरी ना तू? मोरीत ओळखलं नाही मी तुला. नाव सांगितल्यावर तुझी खाट आठवली. खिडकीजवळची."

"हो बाई."

"गेली का बाकीच्यांपैकी कुणी?"

"तिघी गेल्या."

बाईंनी मान डोलावली. कोण कोण ते विचारलं नाही. ती त्यांच्या शेजारी बसली. केवढं सांगायचं होतं! चौतीस वर्षं मी पूर्ण मिनिट मोजलं, बाई. माझ्या हाताखालच्या पोरींना मोजायला लावलं. त्या मलाही नावं ठेवायच्या. पण "मी थांबते तुमच्याजवळ," एवढंच म्हणाली.

"तो कुठाय?"

"कोण?"

"तुझा माणूस. शिंपी."

"गेला ना, मघाशीच."

"एकटा?" बाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं, आणि तिला आपण एकोणीस वर्षांच्या आहोत आणि आपली टोपी वाकडी आहे असं वाटलं. "अगं, पंधरा महिने त्याच्यापाशी भांडण तरी होतं. आज ते संपलं. आता जाऊन बसेल कुठंतरी, आणि त्याची आई आज जाईल. त्याच्याजवळ कोण आहे?"

"पण बाई, तुम्ही..."

"माझी भाची गाडी आणायला गेलीय. त्याचं कोण येतंय?" त्यांनी तोंड फिरवलं, रस्त्याकडे. "जा. बसून काय राहिलीस? मला नको आहे आत्ता कुणी."

ती उठली. फाटकाशी पोचेपर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही, कारण बाईंना ते आवडलं नसतं. रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर शिंपी बसला होता, पिशवी पोटाशी धरून. समोरून एक बस भरून गेली, तिच्या मागची रिकामी गेली, तो जागचा हलला नाही. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्यानं तिला पाहिलं, नवल वाटलं नसल्यासारखं. "चार बस गेल्या ताई," म्हणाला, "माझी कुठली तेच आठवेना. हसाल तुम्ही." त्याचे ओठ हसले आणि मग एकदम चेहरा मोडला. तो पिशवीत तोंड घालून रडायला लागला, मोठ्यानं, लहान मूल रडतं तसा आईला हाका मारत. थांब्यावरची माणसं जरा दूर सरकली. ती सरकली नाही. तिनं धीर धरा म्हटलं नाही. त्याचं रडणं ओसरायला किती वेळ लागला ते तिनं पाहिलं नाही. मग हळू आवाजात तिनं त्याला घर कुठं ते विचारलं. त्यानं आधी दुकानाचा पत्ता सांगितला, मग घराचा.

बस आली. ती आधी चढली आणि त्याला हात दिला.

"तुमचं घर इकडेच आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही, उलट्या दिशेला," ती म्हणाली, आणि खिडकीकडची जागा त्याला दिली.